सहलीचं खरं वेळापत्रक छापा: युरोप टूर काढणाऱ्या कंपन्यांना खुलं पत्र

प्रति,
युरोपच्या सहली काढणाऱ्या महाराष्ट्रातल्या सर्व कंपन्यांचे मालक आणि व्यवस्थापक यांस,

स. न. वि. वि.

मी एसटीत ३४ वर्षं नोकरी केली. त्यातली शेवटची १९ वर्षं वाहतूक नियंत्रक म्हणून. स्टँडवर खिडकीच्या आत बसून गाडी किती वाजता लागली, किती वाजता सुटली हे वहीत लिहिणारा आणि 'साताऱ्याची कधी आहे हो?' या प्रश्नाला दिवसातून दोनशे वेळा उत्तर देणारा माणूस. निवृत्त होऊन सात वर्षं झाली, पण घड्याळाकडे बघायची सवय काही सुटलेली नाही.

गेल्या वर्षी मे महिन्यात मी आणि सौ. तुमच्यापैकीच एका कंपनीबरोबर १२ दिवस युरोप फिरून आलो. कंपनीचं नाव लिहीत नाही. परत आल्यावर ओळखीच्यांकडून आणखी चार कंपन्यांची माहितीपत्रकं मागवून वाचली आणि चारही ठिकाणी तीच तऱ्हा दिसली, म्हणून एकट्याला कशाला धरायचं? त्या १२ दिवसांत मी खिशातल्या डायरीत नोंदी केल्या. बस सुटली, बस थांबली, उतरलो, चढलो. सौ. वैतागून म्हणाली, "अहो, आयफेल टॉवर बघायचा सोडून घड्याळ काय बघताय?" तीच डायरी समोर ठेवून हे पत्र लिहितोय.

सहल वाईट झाली असं कुणी समजू नये. व्हिसाची कागदपत्रं तुमच्या ऑफिसातल्या मुलीनं इतकी नीट लावून दिली की मुंबईच्या केंद्रात आमचं काम वीस मिनिटांत झालं. ९० युरो व्हिसा फी, ३० हजार युरोंचा विमा, बँकेचे कागद, सगळं जागच्या जागी. स्वित्झर्लंडच्या टिटलिस डोंगरावर बर्फात सौ. पोरीसारखी खेळली, तो फोटो आमच्या हॉलमध्ये लावलाय. जेवणाचे हालही झाले नाहीत. पनीर मात्र बारापैकी नऊ दिवस खाल्लं. असो.

माझं म्हणणं तुमच्या माहितीपत्रकाबद्दल आहे. आमच्यातलं नववं पान उतरवून देतो: 'दिवस ९ : न्याहारीनंतर पिसाकडे प्रयाण. जगप्रसिद्ध झुकत्या मनोऱ्याला भेट. त्यानंतर कलानगरी फ्लॉरेन्सची अविस्मरणीय सैर. रात्री मुक्काम.'

आता त्याच दिवसाची माझी डायरी. पादुवाहून बस सुटली ७.५०. हो, पादुवाहून. पत्रकात आदल्या रात्रीचा मुक्काम 'व्हेनिस' होता, हॉटेल निघालं चाळीसएक किलोमीटर लांब पादुव्याला. १०.०५ ते १०.४० हायवेवर थांबा. पिसाच्या बसतळावर १२.३५. बस मनोऱ्यापाशी जात नाही, गावाबाहेरच्या तळावर लावावी लागते. तिथून ४२ माणसांची रांग चालत चालत वेशीपाशी पोहोचली १.०५ ला. परत याच जागी जमायचं १.४० ला. म्हणजे पस्तीस मिनिटं. त्यात मनोऱ्याला हाताने टेकू देतानाचे फोटो, स्वच्छतागृह आणि जेवणाचं पाकीट.

आमच्यात कोल्हापूरच्या एक काकू होत्या. वय ७१, एका गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. भर दुपारी तेवढं अंतर चालून त्या वेशीशी आल्या तेव्हा १.२० झाले होते. पुढे हिरवळीपर्यंत जाण्यात अर्थ नव्हता, कारण परत तेवढंच चालायचं. त्या कमानीतच थांबल्या, मनोऱ्याकडे बघितलं, "आहे खरा वाकडा" म्हणाल्या आणि परत फिरल्या. तीन लाखांच्या वर पैसे भरलेल्या बाईंचा पिसा एवढाच झाला.

संध्याकाळची 'अविस्मरणीय सैर' म्हणजे आधी शहराबाहेरची टेकडी. तिथून फ्लॉरेन्स फार सुंदर दिसतं, खोटं का बोलू? चौकात मायकेलअँजेलोच्या डेव्हिडचा ब्राँझचा पुतळा आहे. आमच्या ग्रुपमधल्या निम्म्या लोकांनी तोच खरा समजून घरी फोटो पाठवले. मूळ संगमरवरी डेव्हिड खाली शहरात अकादेमिया संग्रहालयात आहे, हे मला रात्री मुलाने फोनवर सांगितलं. टेकडीवर पंचवीस मिनिटं, शहरात चालत एक तास दहा मिनिटं. दिवसभरात बसमध्ये सहा तासांच्या आसपास.

आता सांगा, पत्रकात खोटं काय लिहिलंय? काहीच नाही. पिसाला भेट दिली, फ्लॉरेन्सला सैर झाली. एसटीच्या पाटीवरसुद्धा 'सातारा–महाबळेश्वर' एवढंच लिहून भागलं असतं. पण आम्ही 'मार्गे मेढा' की 'मार्गे वाई' हे लिहितो, कारण प्रवाशाला ते आधी कळलं पाहिजे. वाईला उतरायचं असलेला माणूस मेढ्याच्या गाडीत बसला, तर गाडी महाबळेश्वरला पोहोचूनसुद्धा त्याच्या दृष्टीने चुकलीच.

तुमचे काही शब्द मला बाराव्या दिवसापर्यंत कळायला लागले. 'पॅनोरॅमिक टूर' म्हणजे बसच्या काचेतून. 'ओरिएंटेशन टूर' म्हणजे चौकात उतरवून गाइड बोटाने दाखवणार. 'फोटो स्टॉप' म्हणजे आमच्याकडचा विनंती थांबा, ड्रायव्हर इंजिनसुद्धा बंद करत नाही. 'भेट' या शब्दाचा तर काही नेमच नाही. टिटलिसला भेट म्हणजे चार तास, आणि कोलनच्या कॅथेड्रलला भेट म्हणजे पंचवीस मिनिटं. त्या कॅथेड्रलचं काम १२४८ साली सुरू झालं आणि १८८० साली संपलं. ब्रुसेल्समधला तो शू करणाऱ्या पोराचा पुतळा, जेमतेम दोन फुटांचा, त्याच्यापुढे आम्ही चाळीस मिनिटं होतो, कारण वॉफलची दुकानं त्याच्याच आजूबाजूला आहेत.

या सगळ्यात बस का थांबत नाही, का उशिरा सुटते, यावरून रोज वाद झाले. हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सहाव्या दिवशी रात्री स्वित्झर्लंडमधल्या हॉटेलवर पोहोचायला सव्वानऊ झाले. टूर मॅनेजरने ठरल्याप्रमाणे 'सहा-सात-आठ' सांगितलं होतं. सहाला उठवणार, सातला नाश्ता, आठला बस. सकाळी आठ वाजता सगळे बसपाशी आणि बसचं दार बंद. ड्रायव्हर आत बसून शांतपणे कॉफी पितोय. आमच्यातले एक गृहस्थ त्या टूर मॅनेजर पोरावर इतके ओरडले की मला लाज वाटली. ८.२५ ला ड्रायव्हरने दार उघडलं.

ड्रायव्हर पोलंडचा, पन्नाशीचा. इंग्रजी त्याचं आणि माझं सारखंच, त्यामुळे आमचं छान जमलं. दुपारच्या थांब्यावर त्याने मला ते यंत्र दाखवलं. टॅकोग्राफ. प्रत्येक ड्रायव्हरचं स्वतःचं कार्ड असतं, ते यंत्रात घातलं की गाडी किती वेळ चालवली, किती वेळ थांबली, सगळं नोंदलं जातं. रस्त्यात पोलीस थांबवून तेच तपासतात. दिवसाला ९ तास स्टिअरिंग, आठवड्यातून दोनदा १०. सलग साडेचार तास चालवलं की ४५ मिनिटांची विश्रांती, हवं तर आधी १५ आणि मग ३० अशी तोडून. रोजची विश्रांती सलग ११ तास, ती आठवड्यात फार तर तीनदा ९ वर आणता येते. त्याने आधीच्या दिवसांत ती सवलत वापरून टाकली होती. रात्री ९.२५ ला गाडी बंद केली, तर ८.२५ च्या आत ती हलणार नाही. साधं गणित आहे. शिवाय तिथल्या बसला वेगमर्यादक बसवलेला असतो, ताशी १०० च्या वर ती जातच नाही. आमच्यातली तरुण मंडळी मोबाइलवर मोटारीचा वेळ बघून 'तीन तासांचा रस्ता, मग साडेचार का?' म्हणत होती, त्याचं उत्तर तिथे आहे.

आपल्याकडेही माझ्या नोकरीच्या काळात १९६१ चा मोटार वाहतूक कामगारांचा कायदा होता. दिवसाला आठ तास काम, पाच तासांनंतर अर्ध्या तासाची सुटी. कागदावर. लग्नसराईत डबल ड्यूटी लावताना मीच किती जणांच्या हातापाया पडलोय ते माझं मला माहीत. म्हणून त्या यंत्राकडे बघताना मला काय वाटलं ते इथे लिहीत नाही.

हे नियम तुम्हाला माहीत आहेत, कारण त्यांच्यावरच तुमचं सगळं वेळापत्रक बेतलेलं असतं. मग सहलीआधीच्या त्या मेळाव्यात, जिथे टोपी आणि बॅग वाटता, तिथे दहा मिनिटं हे सांगायला काय हरकत आहे? लोक ड्रायव्हरवर आणि त्या पोरावर चिडणार नाहीत. बसमध्ये पट्टा लावून बसावं लागतं, मधल्या वाटेत उभं राहून अंताक्षरी घेता येत नाही, हेही तेव्हाच सांगा. आमच्या मेळाव्यात फराळाचं भरपूर घ्या म्हणून सांगितलं. पण दूध आणि दुधाचे पदार्थ बाहेरून युरोपीय संघात न्यायला बंदी आहे हे कुणी बोललं नाही. सौ.ने साजूक तुपाची बरणी नेली होती. पॅरिसला कुणी बॅग उघडली नाही म्हणून वाचलो.

स्वच्छतागृहाचं बोलायला संकोच करण्याचं कारण नाही, ग्रुपमधल्या बायकांचा सगळ्यात मोठा प्रश्न तोच होता. जर्मनीत हायवेवर एक युरो टाकला की फाटक उघडतं आणि तेवढ्याच किमतीचं कूपन मिळतं, ते तिथल्या दुकानात चालतं. पैशांचं काही नाही. वेळेचं गणित बघा. ४२ जणांत बायका २४, आत खोल्या तीन, माणशी तीन मिनिटं. म्हणजे फक्त आमच्याच बायकांना चोवीस मिनिटं लागणार, आणि बाहेर दुसरी बसही उभी. थांबा तुम्ही अर्ध्या तासाचा देता. मग चहा कधी प्यायचा? शेवटी काही बायकांनी सकाळपासून पाणी पिणंच सोडलं. मधुमेहाच्या गोळ्या चालू असलेल्या बायका या.

याउलट वेळ कुठे सढळ हाताने मिळाला म्हणाल, तर दुकानात. ब्लॅक फॉरेस्टमध्ये कुकू घड्याळांच्या दुकानात एक तास पस्तीस मिनिटं. घड्याळ कसं बनतं याचं प्रात्यक्षिक दहा मिनिटांचं, उरलेला वेळ गल्ल्यापाशी. इन्सब्रुकला जुन्या गावात पोहोचलो तेव्हा संध्याकाळ होत आली होती. तिथल्या 'सोनेरी छपरा'वर तांब्याचे मुलामा दिलेले २,६५७ पत्रे आहेत असं गाइड म्हणाली. मी मोजायला सुरुवात करतोय तोवर शिट्टी झाली. त्याच्या आधी काचेच्या दागिन्यांच्या दुकानात आम्ही दोन तास होतो. दुकानात नेऊ नका असं मी म्हणत नाही, आमच्यातल्या बऱ्याच जणांना खरेदी हवीच होती. पण पत्रकात तिथेही 'भेट' लिहिलंय आणि कॅथेड्रललाही 'भेट', ते मला पटत नाही. दुकानाला दुकान म्हणा.

हॉटेलचंही तेच. 'पॅरिस : मुक्काम २ रात्री.' हॉटेल विमानतळाजवळ, शहराच्या मध्यापासून पंचवीस किलोमीटरवर. खोली स्वच्छ, तक्रार नाही. पण मे महिन्याच्या अखेरीस पॅरिसमध्ये सूर्य मावळतो साडेनऊनंतर, आणि आम्हाला साडेसहाला जेवायला घालून आठ वाजता हॉटेलवर सोडलं. बाहेर लख्ख ऊन, आसपास पेट्रोल पंप आणि गोदामं. सौ. खिडकीत बसून राहिली. "ते पॅरिस कुठल्या दिशेला असेल हो?" तिने विचारलं. मी मोबाइलवर बघून नैर्ऋत्य म्हणून सांगितलं.

'ऑप्शनल'बद्दल एकच उदाहरण. व्हेनिसच्या गोंडोलाचा दर तिथली महापालिका ठरवते. दिवसा अर्ध्या तासाला ९० युरो, आणि एका होडीत पाच जण बसतात. म्हणजे माणशी १८. आमच्याकडून घेतले ३५. वरचे पैसे तुमच्या सोयीचे असतील, मध्यस्थाचे असतील, घ्या ना. पण पत्रकात 'ऑप्शनल' लिहिता तिथेच रक्कमही लिहा, म्हणजे निवृत्तिवेतनावर जगणारा माणूस घरूनच ठरवून निघेल. बसमध्ये माइकवरून 'कोण कोण येणार, हात वर करा' म्हटल्यावर नाही म्हणणं फार अवघड असतं. आमच्या पुढच्या सीटवरच्या जोडप्याने हात वर केला आणि मग चार दिवस बाहेर चहा घेतला नाही.

टीसीएस (सहल विकतानाच गोळा केलेला आगाऊ आयकर) म्हणून आमच्या वेळी पाच टक्के जास्तीचे घेतलेत. ते पैसे आमच्या पॅनवर जमा होतात आणि रिटर्न भरलं की करातून वजा होतात किंवा परत मिळतात, हे मला मुलामुळे कळलं. ग्रुपमधल्या किमान सहा जणांना वाटत होतं की तो सरकारचा कर, गेला तो गेला. त्यांतले काही जण रिटर्नच भरत नाहीत. पावतीच्या खाली दोन ओळी मराठीत छापायला किती खर्च येईल?

आता काकूंच्या गुडघ्याकडे परत येतो. युरोपीय संघाचा २०१५ चा पॅकेज सहलींबद्दलचा निर्देश आहे. तिथे सहल विकणाऱ्या कंपनीला पैसे घेण्याआधीच ग्राहकाला सांगावं लागतं की मार्ग कसा आहे, हॉटेल कुठल्या दर्जाचं आहे, जेवणं कोणती, ग्रुप साधारण किती मोठा आणि चालायला त्रास असणाऱ्या माणसाला ही सहल झेपेल का. ठरलेली किंमत आठ टक्क्यांच्या वर वाढवली, तर ग्राहक दंड न भरता सहल रद्द करू शकतो. हा निर्देश तिथे विकल्या जाणाऱ्या सहलींसाठी आहे, मुंबई-पुण्यात विकलेल्या सहलीला तो लागू नाही हे मला कळतं. पण ज्या रस्त्यांवर तुमच्या बसेस फिरतात त्याच रस्त्यांवर शेजारून जाणाऱ्या बसमधल्या जर्मन आजीला हे आधी सांगितलेलं असतं, आणि आमच्या काकूंना पिसाच्या कमानीत कळतं. व्हेनिसमध्ये तर २०२४ पासून गाइडबरोबर एका वेळी २५ पेक्षा जास्त माणसं नेता येत नाहीत आणि लाउडस्पीकरलाही बंदी आहे. आमचे ४२ जण तिथे दोन गटांत फुटले, त्या सगळ्या घोळात पाऊण तास गेला. हेही तुम्हाला आधी माहीत होतंच की.

आणि तो टूर मॅनेजर. सत्तावीस वर्षांचा पोरगा, डोंबिवलीचा. हातात छत्री उंच धरून पुढे, आणि मागे राहिलेल्या माणसासाठी पळत मागे. रात्री बाराला कुणाच्या तरी खोलीचं कार्ड चालत नाही म्हणून उठायचा, पहाटे पाचला नाश्त्याच्या हॉलमध्ये पोह्यांचं बघायला. लोकांचा सगळा राग त्याच्यावर. पत्रक त्याने छापलेलं नाही, वेळा त्याने ठरवलेल्या नाहीत. अकराव्या दिवशी रोमला कलोसियमच्या बाहेर (पत्रकात बारीक अक्षरांत 'बाहेरून' असं लिहिलंय, ते बहुतेकांनी वाचलंच नव्हतं) तो मला म्हणाला, "काका, तुम्ही रोज लिहिता ते मला द्या, मी ऑफिसात दाखवतो." मी म्हटलं, तुझी नोकरी जाईल, मीच पाठवतो.

तर पाठवतोय. माझं मागणं एवढंच आहे की प्रत्येक दिवसाखाली चार आकडे छापा: बसमध्ये किती तास, ठिकाणापाशी किती मिनिटं, चालणं किती, आणि हॉटेल गावापासून किती लांब. पाच-दहा मिनिटं इकडेतिकडे होणारच, रस्ता आहे, कोंडी आहे. एसटी वेळेवरच येते असं मी तरी कुठल्या तोंडाने म्हणू? पण वेळ फळ्यावर लिहिलेली असते, म्हणून उशीर झाला असं म्हणता तरी येतं. तुमच्या सोयीसाठी नववा दिवस मी लिहून देतो:

'दिवस ९. पादुवा–पिसा–फ्लॉरेन्स. बसमध्ये सुमारे ६ तास, वाटेत ३५ मिनिटांचा एक थांबा. पिसा : बसतळापासून चालत अर्धा तास, येताना तेवढाच. मनोऱ्यापाशी ३५ मिनिटं, वर चढणे नाही. दुपारचं जेवण पाकिटात. फ्लॉरेन्स : टेकडीवरून देखावा २५ मिनिटं, डेव्हिडची प्रतिकृती. शहरात चालत १ तास १० मिनिटं. संग्रहालय नाही. चालायला त्रास असणाऱ्यांनी पिसाला बसपाशीच थांबलं तरी चालेल, तळाजवळ बसायची सोय आहे.'

हे वाचूनसुद्धा मी पैसे भरले असते. काकूंनीही भरले असते, फक्त त्या दिवशी त्या बसपाशी थांबल्या असत्या आणि फ्लॉरेन्ससाठी पाय राखून ठेवला असता.

कळावे,
आपला,
एक निवृत्त वाहतूक नियंत्रक
जिल्हा सातारा

ता. क. सौ.ला आता जपान बघायचंय. तुमच्यापैकीच एकाचं पत्रक परवा पोस्टाने आलं. पाचव्या दिवशी 'फुजी पर्वताचं विलोभनीय दर्शन' असं लिहिलंय. बसमधून की उतरून, तेवढं कळवावे.